मिशी परत येईपर्यंत

वस्तरा हवेत थांबला होता. उंच खिडकीतून उतरलेले ऊन त्याच्या पात्यावर येऊन बसले होते, आणि सबंध वॉर्डात तेवढी एकच गोष्ट चमकत होती. बोलत कुणीच नव्हते. डॉक्टर मुर्तुजा रबरी हातमोजे चढवून दारात उभे होते, गहिनीनाथबुवांच्या चिपळ्या त्यांच्या मांडीवर निपचित पडल्या होत्या, आणि पंख्याची दोरी ओढणारा ओढायचे विसरला होता. शहादेव न्हाव्याने विचारले होते ते एवढेच, की पाटलांचे वडील हयात आहेत का. प्रश्न साधा होता. उत्तर त्याहून साधे होते. ते शेजारच्या खाटेवर मांडी घालून गुळाचा खडा चघळत होते.

खांबाआड, पदर नाकापर्यंत ओढून आणि पाण्याची सुरई पोटाशी धरून पाटलांची बायको बायनाबाई उभी होती. ही शांतता तिच्या ओळखीची होती. आडात पोहरा सुटावा आणि खालून आवाज येईपर्यंत काठावरच्या बायकांनी श्वास धरून उभे राहावे, तशी ती होती.

अखेर आवाज आला. "म्या हाय की," धोंडीराम पाटील म्हणाले. गूळ एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "कावून इचारतूस बे?"

शहादेवाने वस्तरा मिटला, धोकटीत ठेवला आणि धोकटीचा बंदही बांधून टाकला. बाप जिवंत असताना लेकाची मिशी उतरवणारा न्हावी अजून जन्माला यायचा होता, आणि तो आपल्या घराण्यात जन्मावा अशी शहादेवाची मुळीच इच्छा नव्हती.

तलवाड्याच्या सुंदरराव पाटलांची मिशी ही साधी बाब नव्हे. ती ओठावर उगवली होती खरी, पण तिचा वावर चेहराभर होता. दोन्ही टोके पीळ घेऊन गालांवर चढत, आणि कचेरीतून आलेला नवा शिपाई क्षणभर घोटाळे, की सलाम पाटलांना करावा की तिला. याच मिशीच्या सावलीत, डाव्या कोपऱ्याला, वर्षापूर्वी ज्वारीच्या दाण्याएवढे काहीतरी उगवले. घनदाट झाडीत चोर लपावा तसे ते लपले. ताक पिताना नवऱ्याचा डोळा बारीक होतो, हे आधी बायनाबाईने पाहिले. मग धोतराच्या सोग्यावर रक्ताचा ठिपका पाहिला. हळद झाली, काताचा लेप झाला, देवीचा अंगारा झाला. तलवाड्याच्या देवीच्या नावातच त्वरा आहे, पण या खेपेला तिनेही सवड घेतली. दाण्याचे बोर झाले तेव्हा बायनाबाईने गाडी जुंपायला लावली, आणि मुलगा निघाला म्हणून धोंडीराम पाटील, कुणी न विचारता, गुळाची ढेप घेऊन आधीच गाडीत जाऊन बसले.

बीडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मुर्तुजांनी भिंगातून ते बोर पुष्कळ वेळ पाहिले. मग मान चाचपली. इतकी हळुवार, की पाटलांना गुदगुल्या झाल्या. डॉक्टर हैदराबादेहून आले होते आणि त्यांची मराठी दोन भाषांच्या शिवेवर उभी राहून बोलत असे. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "सरतान," आणि समोरच्या चेहऱ्यांवर काहीच उमटले नाही म्हणून त्याचा अर्थ सांगितला. सरतान म्हणजे खेकडा. तो मांसात बीळ करून बसतो. आत्ता तो बिळाच्या तोंडाशीच आहे, मानेत त्याचा एकही पाय पोचलेला नाही. आत्ता कापला तर माणूस जगेल. नंतर आलात तर, डॉक्टर म्हणाले, माझ्याजवळ दोनच गोष्टी उरतील, एक अफू आणि दुसरे हे बुवा.

बुवा म्हणजे गहिनीनाथबुवा. हे पूर्वी गावोगाव कीर्तन करीत. एकदा जुलाबाने दवाखान्यात पडले असताना त्यांनी वेळ जावा म्हणून अभंग म्हटले, आणि डॉक्टरांच्या ध्यानात आले, की त्या रात्री शेजारच्या खाटेवरचा रामहरी कमी अफूत झोपला. नेकनूरच्या या रामहरीच्या घशात खेकडा खोल गेला होता. त्याला बोलता येत नसे. होकारासाठी तो पितळी पेला खाटेच्या दांडीवर एकदा वाजवी, नकारासाठी दोनदा. तेव्हापासून डॉक्टरांनी बुवांना जाऊ दिले नाही. कापायचे ते आपण कापावे आणि कापता येत नाही ते बुवांकडे द्यावे, अशी त्यांनी वाटणी करून टाकली. बुवांची एकच अडचण होती. त्यांना रक्त पाहवत नसे. जखमा धुण्याच्या वेळी ते रोग्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून धीर देत, आणि तो धीर भिंतीवरून परतून रोग्यापर्यंत पोचे.

आता मात्र धीर कोणाला द्यावा हेच बुवांना उमगेना. डॉक्टर शहादेवाला समजावीत होते, की मला मिशी नको, तिच्याखालची जमीन हवी. केस राहिले तर जखम सडेल. शहादेव जमिनीकडे बघत होता. सुंदरराव भिंतीला टेकून ताठ बसले होते.

"आबा हाईत तवर ही ऱ्हाईल," ते म्हणाले. "खेकडा बी ऱ्हाऊ द्या, मिशी बी ऱ्हाऊ द्या."

बायनाबाईने सुरई आणखी घट्ट धरली. या घरातल्या पुरुषांचा मोठेपणा नेहमी असाच, चुकीच्या दिवशी उगवणारा.

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. खेकडा डाव्या बाजूला आहे, तेव्हा डावीच अर्धी काढू. धोंडीराम पाटलांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"अर्दी काढली म्हंजे बाप अर्दा मेला व्हय? मंग कंचा अर्दा, ते बी सांगा."

रामहरीने पेला दोनदा वाजवला. शहादेवानेही मान हलवली. अर्ध्या मिशीला रिवाज नव्हता.

मग गहिनीनाथबुवांनी घसा खाकरला. आपल्या साऱ्या पुराणांत हिंडून ते एक दाखला घेऊन परतले होते. प्रभू रामचंद्राच्या कुठल्याही तसबिरीत त्याला मिशी नाही, आणि विवाहाच्या तसबिरीत तर दशरथ राजा शेजारी धडधाकट उभा आहे. म्हणजे बाप हयात असताना मिशी नसणे देवालाही चालले. वॉर्डात समाधानाची एक झुळूक फिरली. डॉक्टरांनी हातमोजा पुन्हा ताणला.

"म्हनून तर दशरथ गेला," धोंडीराम पाटील म्हणाले.

पेला एकदा वाजला. बुवा खाली बसले.

डॉक्टर स्टुलावर बसले आणि त्यांनी हातमोजे काढले, एक एक बोट सोडवीत. त्या काढण्यातच बायनाबाईला निकाल दिसला. उद्यापासून ते पटकीच्या टोचण्यांसाठी दौऱ्यावर निघणार होते. तालुके फिरून ते परतेपर्यंत दीड-दोन महिने उलटले असते, आणि खेकड्याला कुणाच्या परतण्याची वाट पाहायची नव्हती. त्यांनी बुवांकडे पाहिले. माझी दवा संपली, आता तुमची काढा, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. पण बुवांची दवाही आत्ताच दशरथाबरोबर गेली होती.

सासऱ्याशी बायनाबाई कधी बोलली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा परकराची साडी झालेली नव्हती, आणि आता तिच्या सुनेला सून येण्याची वेळ होती. तरी मामंजींशी एक शब्द नाही. काही सांगायचे झालेच तर ती ते चुलीला सांगे, खांबाला सांगे, दारातल्या मांजराला सांगे, आणि ज्याला ऐकायचे तो ऐके. या पद्धतीने तिने दोन मुलींची लग्ने ठरवली होती आणि एक विहीर खणवली होती. आताही तिने सुरईच्या गळ्याशी तोंड नेले.

"सुरईबाई," ती म्हणाली, "मानसं काशीला जाताना जित्तेपनीच आपलं पिंडदान करून जात्यात म्हनं. त्यास्नी घरची मानसं मेलेली धरत्यात का जिती?"

सुरई गप्प राहिली. गहिनीनाथबुवा मात्र उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा अंधाऱ्या कोनाड्यात पणती ठेवावी तसा झाला. हे आपल्याला आधी का सुचले नाही म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो. त्या दिवसापासून तो घराला मेलेला. त्याच्या नावाने मुलगा क्षौर करू शकतो, शहादेवाच्या वस्तऱ्याला दोष नाही आणि शास्त्राला हरकत नाही.

"आन माघारी यायाचं झालं तर?" धोंडीराम पाटलांनी विचारले.

तीही सोय शास्त्रात होती. मेला म्हणून ज्याचे क्रियाकर्म झाले तो परत आला, तर त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. पाळण्यात घालून बारसे करायचे, कान टोचायचे, सगळे पहिल्यापासून.

"वय?"

पहिल्यापासून, बुवा म्हणाले.

धोंडीराम पाटलांनी बोटांवर काहीतरी मोजून पाहिले. "म्हंजे म्या सुंद्याहून ल्हान."

"आबा," सुंदरराव गहिवरून म्हणाले, "म्या तुमाला नीट वाढवीन."

हसावे असे कुणाला वाटले नाही. ते इतके मनापासून आले होते. पण म्हाताऱ्याने मान हलवली. नाही. एवढाच शब्द, आणि तो त्यांच्या नेहमीच्या आवाजातला नव्हता. बायनाबाईने पदराच्या कडेखालून पाहिले. गूळ केव्हाच विरघळून गेला होता आणि तरी त्यांचा जबडा हलत होता.

"यमाला माझं घर ठावं हाय," ते म्हणाले, कुणाकडेही न बघता. "दोनदा येऊन गेलता. एकदा पलेगात आन एकदा पावट्याच्या शेंगा बाधल्या तवा. आता म्या आपून होऊनच मेलेला म्हनून निजलो, तर त्यो काय माघारी जाईल?"

तेव्हा तिला समजले, की मिशीचे, रिवाजाचे, दशरथाचे जे काही आज चालले होते ते सारे या एका वाक्याच्या अंगावरचे पांघरूण होते. म्हातारा भ्यायला होता. आयुष्याच्या काठावर इतकी वर्षे बसलेल्या माणसाला पाण्यात पाय सोडून बघ म्हणणे ही थट्टा नव्हती. आणि दुसऱ्या खाटेवर तिचा नवरा भिंतीला टेकून, पीळदार, ताठ, आपल्या बापासाठी मरायला अगदी तयार होऊन बसला होता.

तिने सुरई खाली ठेवली. पदर वर केला. फार नाही, डोळे मोकळे होतील एवढाच.

"मामंजी," ती म्हणाली.

पंख्याच्या दोरीवाल्याने दोरी सोडून दिली. सुंदररावांनी बायकोकडे असे पाहिले, की जणू घरचा खांब बोलला.

"तुमी खरंच जाल त्या दिशी तुमच्या नावानं मिशी कोन काढील? त्याला आदी हे ऱ्हायला पायजेत."

आडात पोहरा पडला, आणि या खेपेला आवाज फार खोलवरून आला. धोंडीराम पाटलांनी सुनेकडे पाहिले. आपल्या घरात इतकी वर्षे वावरणाऱ्या या बाईला डोळे कसे आहेत हे ते पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी पागोटे काढून उशाशी ठेवले, कमरेचा बटवा पागोट्यावर ठेवला, खाटेवर आडवे झाले आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

पुढचे सगळे घाईत झाले. बुवांनी दर्भाची अंगठी मागवली, तीळ मागवले, आणि चादरीच्या कडेने हात बाहेर काढायला लावून मृताकडूनच मृताचे तर्पण करवून घेतले. शहादेवाने धोकटी सोडली आणि रीतीप्रमाणे पुन्हा विचारले, की वडील हयात आहेत का. सुंदररावांनी चादरीकडे पाहिले. गेले, ते म्हणाले. चादरीखालून खोकला आला. शहादेवाने वस्तरा पुन्हा मिटला आणि मयताने खोकू नये अशी अट घातली. ती मान्य झाली. मग त्याने सुंदररावांचे डोके भिजवायला घेतले. डोक्याला रोग नाही, असे डॉक्टरांनी त्याच्या नजरेस आणले, तेव्हा शहादेव म्हणाला, की मिशी रोगासाठी असेल, डोके रिवाजासाठी आहे, आणि बापाच्या नावाने अर्धवट काम तो करीत नाही. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले आणि डोकेही जाऊ दिले.

मिशी पडली तेव्हा रामहरी रडला. तो खरोखरच रडला, घशातून आवाज न येणारे, नुसत्या खांद्यांचे रडणे. ते पाहून पलीकडच्या खाटांवरचेही रडू लागले. कुणासाठी रडायचे हे न विचारता रडण्याची सोय अशा ठिकाणी क्वचित मिळते. आवाज बाहेर गेला आणि तिथून दोन हमाल डोली घेऊन आले, चादर डोक्यावरून घेतलेला कोण ते त्यांनी बरोबर ओळखले, आणि हातापायांना धरून त्याला उचलले. धोंडीराम पाटलांनी शब्द दिला होता. ते बोलले नाहीत. ओसरीपर्यंत गेले तरी बोलले नाहीत. बायनाबाई त्यांचे पागोटे, बटवा आणि काठी उचलून मागून धावली.

"आवं, खाली ठिवा त्यास्नी. ते मेलेत, पर न्यायचे न्हाईत."

हमालांनी दवाखान्यात बरेच पाहिले होते. त्यांनी प्रेत ओसरीच्या बाकावर बसवले, त्याच्या हातात त्याची काठी दिली आणि ते निघून गेले.

शस्त्रक्रियेच्या खोलीत पाटलांच्या उशाशी उभे राहून नामस्मरण करायचे, पण भिंतीकडे तोंड करून, असे बुवांचे ठरले होते. क्लोरोफॉर्मची बाटली उघडली तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा हरीचे नाव घेतले आणि चौथे घेण्याआधी पाटलांच्या अगोदर स्वतःच झोपी गेले. कंपाउंडरने त्यांना कोपऱ्यात निजवले. पाटील मात्र बराच वेळ जागे राहून, जड जिभेने, बुवांची अर्धी राहिलेली नामे पुरी करीत होते. हे सारे बायनाबाईला मागाहून कळले.

त्या वेळी ती ओसरीत मेलेल्या सासऱ्याशेजारी बसली होती. समोर टेकडीवर खंडोबाच्या दोन दीपमाळा उन्हात उभ्या होत्या, एकमेकींकडे पाठ केलेल्या दोन वृद्धांसारख्या. आतून काही ऐकू येत नव्हते. अशा वेळी माणसाला बोलावे लागते, नाहीतर आतले न ऐकू येणारे सगळे ऐकू येऊ लागते. तिने पदर सावरायला हात नेला आणि तो मध्येच थांबला. मेलेल्या माणसापुढे कसला पदर?

मग ती बोलली. आधी चाचरत, मग सरळ. सूनबाईच्या भाकरीला पापुद्रा येत नाही असे तुम्ही दर आवसेला दाराच्या चौकटीला सांगत आलात. पण धाकट्या आत्याबाईंच्या घरी ज्या भाकरीचे तोंडभरून कौतुक केले ती मीच थापली होती, त्या दिवशी त्यांचा हात भाजला होता. पहिली मुलगी झाली तेव्हा तुम्ही तीन दिवस घरात जेवला नाहीत, आणि चौथ्या दिवशी तिच्यासाठी चांदीचे वाळे आणून उंबऱ्यावर ठेवून गेलात. ते कुणी आणले हे मला ठाऊक होते, सांगता मात्र आले नाही. विहीर तुमच्या मनाप्रमाणे पूर्वेला खणली असती तर कोरडी गेली असती. असे बरेच होते. म्हातारा दीपमाळांकडे बघत ऐकत होता. विहिरीच्या वेळी त्यांनी तोंड उघडले आणि आठवून पुन्हा मिटले. मग बटव्यातून गुळाचा एक खडा काढला आणि दोघांच्या मध्ये, बाकाच्या फळीवर ठेवला. बायनाबाईने तो उचलून तोंडात टाकला. मेलेल्या माणसाने काही दिले तर नाही म्हणू नये.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काचेची बाटली होती. पुरा निघाला, ते म्हणाले, मूळ धरून. बायनाबाईने टेकडीकडे पाहून हात जोडले. धोंडीराम पाटलांनी बाटली घेतली, उन्हात धरली, फिरवून पाहिली, आणि डॉक्टरांपुढे दोन्ही हातांची बोटे वळवळवून दाखवली. डॉक्टरांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी समजावले, की या खेकड्याला पाय दिसत नाहीत, म्हणून तर तो वाईट. म्हाताऱ्याने बाटली परत केली. त्यांचे समाधान झालेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दौऱ्यावर गेले, आणि दवाखान्यात धोंडीराम पाटलांचे मरण सुरू झाले. त्यांनी ते कसून पाळले. घरच्या कुणाच्या हातचे पाणी घेईनात. लेकाच्या खाटेपाशी जात, तुळतुळीत डोक्याकडे आणि पट्ट्यांत गुंडाळलेल्या तोंडाकडे उभे राहून पाहत, आणि लेकाने डोळे उघडताच निघून येत. बायनाबाई मागच्या कठड्यावर पितरांचा म्हणून भात ठेवी. ते कावळ्यांना काठीने हाकलून स्वतः जेवत.

दहाव्याला बिंदुसरा नदीच्या काठावर पिंड ठेवले तेव्हा याचा परिणाम दिसला. कावळा शिवेना. कावळे होते, पुष्कळ होते, पण पिंडाशेजारी मयत स्वतः काठी घेऊन बसले होते. गहिनीनाथबुवांनी रीतीप्रमाणे सांगितले, की गेलेल्याच्या मनात काही राहिले आहे, ते पुरे करण्याचे वचन कुणीतरी द्यावे. ओठाला टाके असलेल्या सुंदररावांना बोलायची मनाई होती. बायनाबाई पुढे झाली. पाळणा सागवानी करू, ती म्हणाली. म्हातारा हलला नाही. बारशाला सबंध तलवाडा जेवू घालू. नाही. नाव धोंडीराम ठेवणार नाही, तुम्ही म्हणाल ते ठेवू. इथे काठी किंचित हलली, पण तेवढीच. तिने नवऱ्याकडे पाहिले. उन्हात तो उघडा चेहरा पोरक्या मुलाचा दिसत होता.

"यांची मिशी पयल्यावानी वाढवू," ती म्हणाली. "दोन्ही अंगांनी. ती परत आली की मगच तुमाला उठवू."

धोंडीराम पाटील उठले आणि पाच पावले मागे सरले. कावळा उतरला.

डॉक्टर परतले तोवर दवाखान्यातले ऊन मऊ झाले होते. रामहरीचा पेला आता क्वचितच वाजे, आणि वाजे तोही दांडीला नुसता टेकल्यासारखा. बुवा त्याच्यापाशी बसून असत, काही न म्हणता, आणि पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड न करता. डॉक्टरांनी सुंदररावांची मान चाचपली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पाटलांना गुदगुल्या झाल्या. डॉक्टर हसले. मान साफ होती. दर हंगामाला येऊन दाखवून जायचे, चिलीम जन्मात ओढायची नाही, आणि आता घरी जायचे.

बायनाबाईला देवीची ओटी, गाडीची चाके, अंगण, सगळे एकदम आठवले. सुंदररावांच्या ओठाच्या उजव्या अंगाला कोवळी, काळीपांढरी मिशी गव्हाच्या रोपासारखी उभी राहिली होती. डावीकडे गुळगुळीत गुलाबी वण होता. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवले आणि दिलासा द्यावा तसे सांगितले, की इथे आता केस उगवणार नाहीत, कधीच नाहीत. दाढीचा तेवढाच त्रास कमी.

ती ओसरीत आली. धोंडीराम पाटील बाकावर बसले होते. मान साफ आहे, तिने सांगितले. म्हाताऱ्याने डोळे मिटले. त्यांच्या पांढऱ्या मिशीचे टोक तेवढे थरथरले. मग त्यांनी डोळे उघडले, आणि जिवंत होण्याची घाई असलेल्या माणसासारखे पागोटे सारखे केले. ते जिवंत झाले की तिला पुन्हा पदर ओढावा लागणार होता, आणि चुलीशी, खांबाशी, सुरईशी बोलावे लागणार होते. हेही तिला त्याच क्षणी आठवले. तरी ती बोलली, कारण वचन तिने दिले होते.

"पर मामंजी, डाक्टर म्हनत्यात, मिशी उजव्याच अंगाला येईल. डावीकडं कंदीच न्हाई." ती थांबली. "अर्दीच आली तर तुमाला उठवायचं का न्हाई?"

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग खिडकीतून आत, लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिले, आधी एका बाजूने, मग मान वाकडी करून दुसऱ्या बाजूने. पागोटे काढून काखेत मारले. बटव्यातला उरलेला गूळ बाकावर तिच्यासाठी ठेवला, काठी उचलली आणि पायऱ्या उतरून, मेलेल्या माणसाच्या सवडीने, ते बिंदुसरेच्या काठी आपले पिंड ठेवले होते त्या जागेकडे चालू लागले.